दिवसा शब्द, रात्री भ्रम

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश १९२८ मध्ये पुरा झाला. या कामाला सुमारे सत्तर वर्षे लागली. जुन्या पुस्तकांतली वाक्ये टिपून, कोणता शब्द कधी, कोणत्या अर्थाने वापरला गेला याचे दाखले शेकडो वाचकांनी विनामोबदला पाठवले. या मदतनिसांपैकी ज्या मोजक्यांचा संपादकांनी आवर्जून गौरव केला, त्यांत डॉ. विल्यम चेस्टर मायनर होते. त्यांचा मुक्काम होता इंग्लंडमधल्या ब्रॉडमूर येथे, गुन्हा घडलेल्या मनोरुग्णांना ठेवण्याच्या सरकारी संस्थेत.

मानसोपचाराच्या व्यवसायात मला रुग्णांच्या घरच्यांकडून एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. मुलगा एवढा शिकलेला, हुशार. मग शेजारी आपल्यावर पाळत ठेवत नाहीत, एवढी साधी गोष्ट त्याला पटत कशी नाही? अशा वेळी मला मायनर यांची हकीकत सांगावीशी वाटते.

त्यांचा जन्म १८३४ चा, त्या वेळच्या सिलोनमधला. आईवडील अमेरिकन मिशनरी. चौदाव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी अमेरिकेत पाठवण्यात आले. १८६३ मध्ये येल विद्यापीठातून डॉक्टर होऊन ते यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात शल्यचिकित्सक म्हणून दाखल झाले. युद्धानंतर त्यांच्या वागण्यात फरक पडू लागला. बरोबरचे अधिकारी आपल्या वाईटावर आहेत, असा संशय मनात घर करून बसला. १८६८ मध्ये त्यांना वॉशिंग्टनच्या सरकारी मनोरुग्णालयात दाखल करावे लागले. पुढे लष्कराने निवृत्तिवेतन देऊन त्यांना मोकळे केले. १८७१ च्या अखेरीस, हवापालट व्हावा म्हणून, ते लंडनला आले.

युद्धाने त्यांचे डोके फिरले, असे म्हणणे सोपे आहे. पण या आजाराला एकच एक कारण नसते. आनुवंशिक कल, मेंदूच्या कामकाजातले बदल आणि आयुष्यातले ताण असे बरेच काही एकत्र येते. आईने लाड केले म्हणून किंवा कोणी करणी केली म्हणून तो होत नाही.

लंडनमध्ये लॅम्बेथ भागातल्या भाड्याच्या खोलीत मायनर राहू लागले. रात्री माणसे आपल्या खोलीत शिरतात, आपल्याला विष घालू पाहतात, अशी तक्रार घेऊन ते स्कॉटलंड यार्डमध्येही गेले होते. पोलिसांनी ऐकून घेतले आणि विषय तिथेच राहिला. १७ फेब्रुवारी १८७२ च्या पहाटे ते जागे झाले ते खोलीत कोणीतरी आहे याच खात्रीने. पिस्तूल घेऊन रस्त्यावर धावले. त्या वेळी मद्याच्या कारखान्यात कामावर निघालेला जॉर्ज मेरेट हा गरीब कामगार समोरून जात होता. आपल्या खोलीत शिरलेला तो हाच, असे समजून त्यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मेरेटची बायको एलायझा गरोदर होती आणि घरात लहान मुले होती. वेडाच्या भरात घडलेले कृत्य म्हणून ज्यूरीने मायनर यांना निर्दोष ठरवले आणि त्यांची रवानगी ब्रॉडमूरला झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, झालेली बहुतेक माणसे कोणावर हात उगारत नाहीत. उलट त्यांनाच मार आणि फसवणूक सोसावी लागते. एका माणसात दोन व्यक्तिमत्त्वे नांदतात, हाही गैरसमजच. या आजारात भास होतात: कोणी नसताना आवाज ऐकू येतात. भ्रम होतात: पुरावा नसलेली, कितीही समजावले तरी न ढळणारी खात्री मनात बसते. विचारांचा धागा तुटतो. उत्साह आटतो, माणूस अंघोळ-जेवणातही रस घेईनासा होतो, आणि घरच्यांना तो आळस वाटतो.

ब्रॉडमूरमध्ये मायनर यांना दोन खोल्या मिळाल्या. निवृत्तिवेतन चालू असल्याने त्यांनी पुस्तकांचा मोठा संग्रह जमवला. ज्याचा आपण जीव घेतला त्याच्या कुटुंबाला त्यांनी पैशांची मदत देऊ केली. काही वर्षांनी एलायझा मेरेट स्वतः त्यांना भेटायला येऊ लागली, येताना लंडनहून पुस्तकेही आणी.

शब्दकोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना मदतीचे आवाहन केले होते. ते मायनर यांच्या वाचनात आले आणि त्यांनी काम सुरू केले. इतर वाचक मनाला येईल ते दाखले पाठवत. मायनर मात्र प्रत्येक पुस्तकातल्या उपयोगी शब्दांची पानांच्या क्रमांकांसह सूची करून ठेवत. संपादकांना ज्या शब्दाची नड असे, त्याचे दाखले ते सूची पाहून लगेच धाडत. वीसएक वर्षे हे चालले. आपला सहकारी मनोरुग्ण आहे हे मरे यांना प्रत्यक्ष भेटीतच कळले, ही लोकप्रिय कथा खरी नाही. १८९१ मध्ये ते पहिल्यांदा भेटीला गेले, ते सारे माहीत असूनच गेले.

आणि याच माणसाच्या रात्री कशा जात? जमिनीखालून माणसे वर येतात, शरीराला विटंबना करतात, पुस्तके खराब करतात, अशी त्यांची खात्री असे. दारापुढे सामान रचून ते झोपत आणि सकाळी अधिकाऱ्यांकडे तक्रार करत. आपल्याला विजेचे झटके देतात, असे सांगत. पुढे उडत्या यंत्रातून आपल्याला कॉन्स्टँटिनोपलला नेतात, असेही म्हणू लागले. भ्रमाला कपडे त्या त्या काळाचे मिळतात. आजचा रुग्ण मोबाइल आणि कॅमेऱ्यांबद्दल बोलतो. भीती मात्र तीच असते.

इतकी काटेकोर बुद्धी जवळ असूनही ती त्यांच्या भ्रमाचे काही करू शकली नाही. भ्रम हा अडाणीपणा नव्हे, हट्टही नव्हे. म्हणून वाद घालून तो जात नाही. १९०२ मध्ये या छळापायी त्यांनी स्वतःलाच गंभीर इजा करून घेतली. तेव्हा औषधे नव्हती. १९१० मध्ये गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी त्यांना अमेरिकेत परत पाठवण्यास परवानगी दिली. वॉशिंग्टनच्या डॉक्टरांनी ज्याचे निदान केले, त्याच आजाराला स्वित्झर्लंडमधले डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हे नाव दिले होते. १९२० मध्ये मायनर वारले. शब्दकोश पुरा झालेला त्यांना पाहायला मिळाला नाही.

भ्रमांवर परिणाम करणारे पहिले औषध १९५२ मध्ये आले. आज औषधे, समुपदेशन आणि घरच्यांची साथ यांच्या बळावर पुष्कळ रुग्ण नोकरी करतात, संसार करतात. सगळेच पूर्ण बरे होतात असे मी म्हणणार नाही, पण उपचार लवकर सुरू झाले तर फरक पडतो. झोप उडणे, एकलकोंडेपणा, अकारण संशय, स्वतःशीच बोलणे हे काही आठवडे टिकले तर मांत्रिकाकडे न जाता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

आणि घरात काय करावे? शेजारी विष घालतात असे मुलगा म्हणाला तर खोटे बोलतोस म्हणू नये, आणि हो, घालतात असेही म्हणू नये. तुला फार भीती वाटते आहे हे मला दिसते, मी तुझ्याजवळ आहे, असे म्हणावे. ती भीती खरी असते. लॅम्बेथमध्ये मायनर यांच्यासाठी असे कोणी नव्हते. ब्रॉडमूरमध्ये निदान मरे यांनी त्यांच्याकडे काम मागितले, आणि ते काम त्यांनी चोख केले. आपल्या घरातल्या माणसाला काय जमते, हेही औषधाच्या वेळेइतकेच लक्षात ठेवावे.