हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) : ऐषारामाकडून जबाबदारीकडे

मदिन्याचे गव्हर्नर असताना हजरत उमर बिन अब्दुल अजीज (रह.) रस्त्याने गेले की मागे अत्तराचा सुगंध दरवळत राहायचा. उंची कपडे, ऐटदार चाल. लोक त्यांच्या चालीची नक्कल करायचे म्हणे! जन्म उमय्या राजघराण्यातला आणि आईकडून ते दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांचे पणतू. कारभारी म्हणून ते तेव्हाही वाईट नव्हते. 706 साली गव्हर्नर होताच त्यांनी मदिन्यातले दहा आलिम बोलावले आणि त्यांच्या सल्ल्याने काम सुरू केलं. पण राहणी शाहीच.

717 साली चुलतभाऊ खलिफा सुलेमान वारले. मोहरबंद वसियतनामा उघडला तर नाव निघालं उमर यांचं. दुसऱ्या कोणी आनंद साजरा केला असता. यांना मात्र धास्तीच बसली. शाही घोडे समोर आणले, ते त्यांनी विकायला लावून पैसा बैतुलमालमध्ये जमा केला. स्वतःच्या जमिनीही सोडल्या. नवमुस्लिमांकडून जिझिया घेणं बंद केलं. खजिना रिकामा होईल अशी कुरकूर अधिकाऱ्यांनी केली, पण ते हटले नाहीत.

सरकारी काम संपलं की ते सरकारी दिवा विझवून घरचा दिवा लावायचे, हा किस्सा आपण सगळ्यांनीच ऐकलाय. वर्गात सांगितला की मुलं विचारतात, सर, एवढ्याशा तेलाने काय होतं? मी त्यांना तेलाचा हिशोब सांगत नाही, पुढे फातिमांची गोष्ट सांगतो.

फातिमा म्हणजे त्यांच्या बेगम. वडील खलिफा, भाऊ खलिफा, नवराही खलिफा. वडील अब्दुल मलिक यांनी दिलेले मौल्यवान दागिने त्यांच्याकडे होते. उमर यांनी पर्याय ठेवला : दागिने बैतुलमालमध्ये द्या, नाहीतर माझ्यापासून वेगळ्या व्हा. फातिमांनी दागिने दिले. खरं तर इथे परीक्षा नवऱ्यापेक्षा बायकोचीच होती, पण आपल्या तकरिरींमध्ये त्यांचं नाव फारसं येत नाही.

ही खिलाफत जेमतेम अडीच वर्षं टिकली. 720 साली, चाळिशीही गाठायच्या आत, उमर यांचा इन्तेकाल झाला. गादीवर फातिमांचे भाऊ यझीद आले. त्यांनी दागिने परत देऊ केले. नवरा हयात असताना ज्यावर पाणी सोडलं ते त्याच्या माघारी घ्यायला फातिमांनी साफ नकार दिला. यझीद यांनी मग ते आपल्याच घरच्यांमध्ये वाटून टाकले.