यादीतली एक ओळ

बँकेत सारी उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला दोन खोडी जडतात. संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि कागदावर यादी केल्याशिवाय काम सुचत नाही. त्यामुळे विल्यम ॲलन हा माणूस मला पहिल्यांदा भेटला तो त्याच्या एका यादीतून, यात नवल नाही. अमेरिकेतल्या बोइंग विमान कंपनीचा हा अध्यक्ष. विमानाच्या इतिहासात त्याचे नाव मोठे आहे. माझ्या मात्र तो मनात राहिला यादीतल्या एका ओळीमुळे.

ॲलनचा जन्म १९०० सालचा, मोंटाना राज्यातल्या लोलो नावाच्या लहानशा गावातला. हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन तो सिॲटलमधल्या एका वकिली फर्ममध्ये लागला. बोइंग हे त्या फर्मचे अशील. करारमदार तपासता तपासता हा वकील कंपनीच्या संचालक मंडळावर जाऊन बसला. १९४४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष फिलिप जॉन्सन वारले आणि संचालकांनी ॲलनला गळ घातली. त्याने पुष्कळ आढेवेढे घेतले. आपण इंजिनियर नाही, हे ओझे आपल्याला पेलायचे नाही, असे त्याला मनापासून वाटे. घरीही आभाळ भरलेलेच होते. पत्नी १९४३ मध्ये गेलेली, पदरात दोन मुली.

अखेर त्याने होकार दिला आणि स्वतःपुरती एक यादी लिहून काढली. आपण कमी बोलावे, इतरांना बोलू द्यावे. सहकाऱ्यांच्या मताची कदर करावी. युद्धानंतर कंपनीला भवितव्य मिळवून द्यावे. आणि त्यातच एक ओळ अशी, की कामगारांची बाजू समजून घेण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा.

सप्टेंबर १९४५ मध्ये तो खुर्चीवर बसला, तोच सरकारने बी-२९ बॉम्बर विमानांच्या ऑर्डरी रद्द केल्या. महायुद्ध संपले होते. हजारो कामगारांना घरी बसावे लागले. गिरणीचा भोंगा थांबला की घराघरांत काय होते, हे मुंबईकरांना निराळे सांगायला नको. ॲलनने मात्र हातपाय गाळले नाहीत. गिऱ्हाईक दारात नसताना त्याने पन्नास स्ट्रॅटोक्रूझर प्रवासी विमाने बांधायला घेतली. हाताखालची जाणती माणसे पांगू नयेत, हा त्यामागचा एक हेतू होता.

यादीची खरी परीक्षा पुढे होती. यंत्रकामगारांच्या युनियनशी नव्या कराराची बोलणी १९४७ पासून रखडली होती. वाद पगाराचा होता, तसाच सीनियॉरिटीचाही. पगाराचे कुणालाही कळते, पण सीनियॉरिटीचे दुखणे नोकरी करणाऱ्यालाच ठाऊक. कपात आली तर आधी कोण जाणार आणि पुन्हा भरती झाली तर आधी कोण येणार, हे तीवर ठरते. १९४५ ची कपात सोसलेल्या माणसाला ती म्हणजे घराची कडी वाटत होती. कंपनीला ती पायातली बेडी वाटत होती.

२२ एप्रिल १९४८ रोजी सुमारे पंधरा हजार कामगार बाहेर पडले. टाफ्ट-हार्टली कायदा होऊन वर्षही झाले नव्हते. त्यातल्या साठ दिवसांच्या नोटिशीच्या कलमावर बोट ठेवून कंपनीने संप बेकायदा ठरवला आणि युनियनशी बोलणेच बंद केले. ॲलनमधला वकील इथे जागा झाला असावा. त्यात टीमस्टर्स युनियनचा पुढारी डेव्ह बेक मध्ये पडला. त्याने नवी शाखा काढून संपकऱ्यांच्या जागी माणसे पुरवायला सुरुवात केली. जूनमध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली. देशाला विमाने हवी होती आणि सिॲटलच्या फाटकाबाहेर माणसे फलक घेऊन उभी होती.

हे वाचताना मला माझी शाखा आठवली. नव्वदच्या दशकात आमच्याकडे कारकुनांचा संप झाला. मी अधिकारी, तिजोरीच्या किल्ल्या माझ्या कमरेला. शटर अर्धे खाली ओढून आम्ही आत बसलो होतो, आणि बाहेर घोषणा देणाऱ्यांत एक जण असा होता, ज्याच्याबरोबर मी आठ वर्षे डबा खाल्ला होता. नियमाप्रमाणे माझे काहीच चुकले नव्हते. संप मिटला, तो कामावर आला, पण डबा घेऊन माझ्या टेबलाशी पुन्हा कधी आला नाही. मीही त्याच्याकडे गेलो नाही. त्याचे म्हणणे काय होते, हे मी त्याला एकदाही विचारले नव्हते.

बोइंगचे कामगार जवळजवळ पाच महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, कराराविनाच परतले. १९४९ मध्ये कोर्टाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कायद्याने ॲलन जिंकला. पण त्याच वर्षी नोव्हेंबरात कामगारांचे मतदान झाले, तेव्हा त्यांनी बेकच्या टीमस्टर्सना नाकारून आपली जुनीच युनियन जवळपास दुप्पट मतांनी निवडली. १९५० मध्ये कंपनीला तिच्याशीच करार करावा लागला.

पुढचा ॲलन सर्वांना माहीत आहे. १९५२ मध्ये त्याने कंपनीचे एक कोटी साठ लाख डॉलर जेटच्या नमुन्यावर लावले. १५ जुलै १९५४ रोजी ते विमान उडाले. त्यातून ७०७ जन्मले आणि १९६० मध्ये ते एअर इंडियाकडेही आले. लहानपणी मामाला पोहोचवायला सांताक्रूझला गेलो असताना मी पाहिलेले पहिले जेट तेच. ७४७ चा जुगारही ॲलनच्याच काळातला. १९७२ मध्ये तो निवृत्त झाला आणि १९८५ मध्ये वारला.

त्याच्या अमदानीत १९६५ साली पुन्हा संप झाला. तो एकोणीस दिवसांत मिटला. पाच महिने आणि एकोणीस दिवस यांतली वजाबाकी मी बँकवाल्याच्या सवयीने करून पाहतो. त्यातले ॲलनच्या खाती किती आणि बदललेल्या काळाच्या खाती किती, हे काही जुळत नाही. पण यादीतली ती ओळ त्याने निदान लिहिली तरी होती. माझ्या याद्यांत ती कधी आलीच नाही.