विश्लेषण : धर्मप्रसारासाठी आलेले जॉन विल्सन मुंबईचे शिक्षक कसे झाले?

गिरगाव चौपाटीसमोर उभ्या असलेल्या विल्सन कॉलेजची सुरुवात १८३२ मध्ये एका लहान इंग्रजी शाळेपासून झाली. ती काढणारे रेव्हरंड जॉन विल्सन धर्मप्रसारासाठी मुंबईत आले होते. मग त्यांनी आयुष्य शिक्षणात का घालवले आणि त्यातून काय साधले?

शाळेचा आग्रह कुठून आला?

विल्सन यांचा जन्म १८०४ मध्ये स्कॉटलंडमधील लॉडर गावी झाला. प्रत्येकाने बायबल स्वतः, आपल्या भाषेत वाचावे, ही प्रोटेस्टंट पंथाची शिकवण. वाचायचे तर अक्षरओळख हवी, म्हणजे चर्चच्या जोडीला शाळा आलीच. स्कॉटलंडमध्ये १६९६ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा असणे बंधनकारक केले होते. विल्सन याच वातावरणात वाढले.

मुंबईत काय केले?

फेब्रुवारी १८२९ मध्ये ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईत उतरले. कोकणातील हर्णैला राहून त्यांनी आधी मराठी शिकून घेतली. गुजराती, फारसी, संस्कृतचाही अभ्यास केला. मार्गारेट यांनी लगेच मुलींसाठी शाळा सुरू केल्या, तेव्हा भिडे वाड्यातील शाळेला अजून १९ वर्षे होती. १८३५ मध्ये मार्गारेट यांचे मुंबईतच निधन झाले. त्या शाळा मात्र सुरू राहिल्या.

वाद कशावरून पेटला?

विल्सन हिंदू, पारशी आणि इस्लाम धर्मांवर उघड टीका करत. मोरभट दांडेकर यांच्याशी झालेला त्यांचा वाद गाजला. खरी ठिणगी १८३९ मध्ये पडली. शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि पारशी पालकांनी मुलांना शाळेतून काढून घेतले. विद्यार्थिसंख्या कोसळली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. शिक्षणाआडून धर्मांतर होते, हा पालकांचा संशय निराधार नव्हता. विल्सन यांनीही आपला हेतू कधी लपवला नाही.

इमारत का सोडावी लागली?

त्याच वर्षी चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये फूट पडली. विल्सन नव्या फ्री चर्चमध्ये गेले. परिणामी शाळेची इमारत जुन्या चर्चकडे राहिली आणि फ्री चर्चच्या शाळेला नव्या जागेत सुरुवात करावी लागली.

विद्वान म्हणून ओळख कशी झाली?

गिरनारच्या अशोककालीन शिलालेखाची प्रत जेम्स प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोहोचली, त्यामागे विल्सन यांची खटपट होती. ब्राह्मी लिपीच्या वाचनानंतर अशोकाचे आदेश उलगडण्यात ती उपयोगी पडली. ज्या धर्मांवर टीका करायची त्यांचे ग्रंथ मुळातून वाचायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चौपाटीची इमारत त्यानंतर, १८८९ मध्ये उभी राहिली.

फलित काय?

धर्मांतराच्या हिशेबाने पाहिले तर विल्सन यांच्या हाती फार थोडे लागले. त्यांच्या वर्गांत शिकलेले बहुतेक विद्यार्थी आपापल्या धर्मातच राहिले. याच स्कॉटिश मिशनच्या पुण्यातील शाळेत जोतीराव फुले शिकले. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. मात्र तेथे मिळालेली प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी जातिव्यवस्थेविरुद्ध वापरली आणि स्त्रिया व शूद्रातिशूद्रांसाठी शाळा काढल्या. एक ग्रंथ वाचता यावा म्हणून मिशनऱ्यांनी अक्षरे शिकवली. ती हाती आल्यावर काय वाचायचे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवले.