इब्न बतूताचा समुद्रप्रवास

विद्यार्थी मित्रांनो, धानोऱ्याहून नंदुरबारच्या बाजाराला तुम्ही अनेकदा गेला असाल. सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वी याच नंदुरबारात एक परदेशी पाहुणा आला होता. त्याला चीनला जायचे होते आणि जहाजे मिळणारे बंदर गाठण्यासाठी त्याने आपल्या भागातून जाणारा रस्ता धरला होता. त्याचे नाव इब्न बतूता.

इब्न बतूताचा जन्म १३०४ साली मोरोक्को देशातील तंजा या शहरात झाला. एकविसाव्या वर्षी, १३२५ मध्ये, तो हजसाठी घराबाहेर पडला. हज झाला तरी त्याची पावले घराकडे वळली नाहीत. अनेक देश पाहत तो १३३३ साली सिंध प्रांतात पोहोचला. दिल्लीच्या सुलतान मुहंमद बिन तुघलकाने त्याला काझी नेमले आणि पुढे चीनच्या बादशहाकडे आपला वकील म्हणून पाठवले.

१३४२ साली तो दिल्लीहून निघाला. बरोबर शंभर घोडे, दास-दासी व किमती कापड असा मोठा नजराणा होता. तो दौलताबादवरून नंदुरबारला आला. इथले मराठे कुशल कारागीर आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणतात, भात, भाजी व तिळाचे तेल खातात, असे त्याने नोंदवले आहे. पुढे खंबायतवरून तो गुजरातमधील गंधार बंदरात पोहोचला.

येथे समुद्रप्रवासाची तयारी झाली. मित्रांनो, तुम्ही सहलीला निघता तेव्हा डबा आणि पाण्याची बाटली घेतली की झाले! येथे घोडे कोणत्या जहाजात चढवायचे हाच पहिला प्रश्न होता. सत्तर घोडे त्याच्या जहाजात चढले, उरलेले दुसऱ्या जहाजात. आणखी एका जहाजाला साठ वल्ही होती. चाच्यांची भीती असल्यामुळे त्याच्या जहाजावर पन्नास तिरंदाज आणि पन्नास हबशी शिपाई होते. हबशी शिपाई दिसले की चाचे वाटेला जात नसत.

घोघा बंदर मागे टाकून, कोकणचा किनारा डावीकडे ठेवत जहाजे गोव्याला आली. तेथून होनावर. या छोट्या गावात मुलींच्या तेरा आणि मुलांच्या तेवीस शाळा पाहून त्याला नवल वाटले. आपल्यालाही वाटते! मग मलबारचा किनारा पाहत तो कालिकतला उतरला.

कालिकतला तेरा चिनी जहाजे नांगरून पडली होती. मोठ्या जहाजावर हजार माणसे असत आणि खलाशी लाकडी कुंड्यांत भाजी व आलेही पिकवत. पण वारा अनुकूल होईपर्यंत जहाज सुटत नसे. आपण मराठीत मोसमी वारे म्हणतो, त्यातला मोसम म्हणजे तुमच्या उर्दूतला मौसमच. त्या मौसमासाठी इब्न बतूता तीन महिने थांबला.

जहाजावरील चांगल्या खोल्या चिनी व्यापाऱ्यांनी आधीच घेतल्या होत्या. त्याला मिळालेली खोली अपुरी होती, म्हणून त्याने आपले सामान व माणसे एका लहान जहाजात हलवली. नजराणा मोठ्या जहाजातच राहिला. तो स्वतः जुम्याच्या नमाजसाठी किनाऱ्यावर थांबला. त्यानंतर समुद्र खवळला आणि त्याला जहाजावर जाता येईना. वादळात मोठे जहाज फुटले आणि त्यावरील सोबती बुडाले. लहान जहाजाच्या खलाशांनी शिडे उभारली व ते त्याला न घेताच निघून गेले. किनाऱ्यावर इब्न बतूताजवळ दहा दिनार आणि अंथरायचा गालिचा एवढेच उरले.

आता सुलतानाला काय तोंड दाखवणार? तो दिल्लीला परतला नाही. मालदीव बेटांवर त्याने काझीचे काम केले आणि श्रीलंका, बंगाल, सुमात्रा असे करत अखेर चीनही गाठले. १३४९ साली तो मायदेशी परतला. तेथील सुलतानाच्या आज्ञेवरून त्याने आपला सारा प्रवास इब्न जुझय्य या विद्वानाला सांगितला. १३५५ मध्ये तो ग्रंथ पुरा झाला. त्यात नंदुरबारच्या लोकांच्या जेवणाची हकीकतही आहे.