अंधांचा अक्षरदाता लुई ब्रेल

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत पॅरिसमधील एका अंध ऑर्गनवादकाच्या चरित्राचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन इतकेच की, हा पुरुष एका खेड्यातील धर्मगुरूच्या हाताखाली शिकला, देवालयात ऑर्गन वाजवून त्याने सेवा केली, आणि जी लिपी त्याने जगास दिली तिच्या पहिल्या पुस्तकाच्या नावातच ख्रिस्तसभेच्या प्राचीन उपासनागायनाचा उल्लेख आहे.

त्याच्या जन्मापूर्वी अंधांची दशा कशी होती हे एका जुन्या छापील चित्रावरून कळते. इ. स. १७७१ मध्ये पॅरिस येथील सेंट ओविदच्या जत्रेत एका कॉफीगृहात काही अंधांचा वाद्यमेळ बसविण्यात आला. हे अंध, फ्रान्सचा राजा संत लुई याने स्थापिलेल्या कँझ-वँ नामक आश्रमातील होते. अंगात लांब झगे, मस्तकी टोकदार टोप्या, डोळ्यांवर पुठ्ठ्याचे बिनकाचेचे चष्मे, आणि दिसत नसताही पुढ्यात दिवे लावून मांडलेले स्वरांचे कागद, असा तो थाट होता. ते बेसूर वाजवीत आणि लोक पोट धरून हसत. त्या गर्दीत व्हालँतँ आउई नावाचे एक सद्गृहस्थ होते. त्यांना मात्र हसू आले नाही. पुढे १७८४ मध्ये सेंट जर्मेन दे प्रे या मंदिराच्या दारी भीक मागणारा लस्युअर नावाचा अंध तरुण त्यांनी घरी नेला, त्यास उठावाची अक्षरे बोटांनी चाचपून वाचावयास शिकविले, आणि त्यातूनच अंधांची पहिली शाळा निघाली. परंतु ती अक्षरे डोळसांचीच होती. ग्रंथ अवजड होत, वाचन संथ चाले, आणि अंधास स्वतः काही लिहिणे तर जवळजवळ अशक्यच होते.

लुई ब्रेल याचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसच्या पूर्वेस कूव्रे या गावी झाला. वडील सिमों-रने हे घोड्यांचे खोगीर व साज करणारे कारागीर, आई मोनिक. चार भावंडांत हा धाकटा. तीन वर्षांचा असता वडिलांच्या कारखान्यात खेळताना टोकदार हत्यार त्याच्या डोळ्यात शिरले. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यातही पसरला, आणि पाचव्या वर्षी मुलास पूर्ण अंधत्व आले.

१८१५ च्या सुमारास आब्बे जाक पालुई हे त्या गावी धर्मगुरू म्हणून आले. त्यांनी या मुलास जवळ घेऊन धर्मशिक्षण दिले, स्पर्शाने व वासाने सृष्टी ओळखावयास लाविले, आणि गावच्या शिक्षकाकडे रदबदली करून डोळस मुलांच्या शाळेत त्यास बसविले. अशा कामाची नोंद धर्मग्रामाच्या कोणत्याही वहीत होत नाही. बाप्तिस्मा, लग्ने व मरणे तेवढी आम्ही लिहितो! पुढे गावच्या उमरावाचे साहाय्य मिळाले, आणि १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांचा लुई पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत दाखल झाला.

ती शाळा त्या समयी सेंट फिर्मिन या जुन्या सेमिनरीच्या इमारतीत भरे. याच जागी संत विन्सेंट दि पॉल यांच्या मिशन-संघाचा आरंभ झाला होता, आणि येथेच सप्टेंबर १७९२ मध्ये क्रांतिकारकांनी अनेक धर्मगुरूंना ठार मारिले होते. इमारत ओलसर व रोगट होती. लुईस पुढे जडलेल्या क्षयाचे मूळ तेथेच असावे, असे मला वाटते.

१८२१ मध्ये शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याने उठावाच्या टिंबांची एक लेखनपद्धती शाळेपुढे मांडली. रेषेपेक्षा टिंब बोटास लवकर कळते हे तिचे मर्म लुईने तत्काळ ओळखिले, दोषही ओळखिले. एका चिन्हास बारापर्यंत टिंबे लागत, म्हणून ते एका बोटाखाली मावत नसे. शिवाय ती पद्धती केवळ उच्चार लिही, शुद्धलेखन नव्हे. रात्री आणि सुट्टीत खपून त्याने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. उभ्या दोन ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. त्यांच्या फेरबदलांनी त्रेसष्ट चिन्हे होतात, आणि प्रत्येक चिन्ह बोटाच्या एका टोकाखाली बसते. पहिली दहा अक्षरे वरच्या चार टिंबांतच होतात. त्यांस खालचे डावे टिंब जोडले की पुढील दहा. लिहिण्यास पाटी व टोचणी पुरे. ज्या जातीच्या हत्याराने डोळे गेले, त्याच जातीच्या हत्याराने आता अक्षर उमटू लागले.

१८२९ साली त्यांचे पुस्तक निघाले: शब्द, संगीत व प्लेन चांट टिंबांनी लिहिण्याची रीत. नव्या लिपीचे हे पुस्तक जुन्याच उठावाच्या अक्षरांत छापावे लागले! १८३३ मध्ये ते शाळेत अध्यापक झाले, आणि १८३४ पासून सेंट निकोला दे शां या मंदिरात ऑर्गन वाजवू लागले. अंध ऑर्गनवादक एका हाताने वाचतो, दुसऱ्याने वाजवून पाहतो, आणि सारे मुखोद्गत करून मगच उपासनेस बसतो. असे बसणे किती कष्टाचे, हे आपल्या गायकवृंदास सांगावयास नको.

परंतु १८४० मध्ये शाळेचा चालक बदलला. डोळसांहून वेगळ्या लिपीमुळे अंध समाजापासून तुटतील, असे नव्या चालकास, म्हणजे द्युफो यास, वाटे, आणि त्याने टिंबांची लिपी बंद पाडली. हेतू वाईट नव्हता. पण विचारले ते डोळसांच्या सोयीला, बोटांना नव्हे. मुले चोरून त्याच लिपीत टिपणे करीत राहिली. अखेर द्युफोचा साहाय्यक ग्वादे याने त्याचे मन वळविले, आणि फेब्रुवारी १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी ही लिपी सर्वांसमक्ष वाचून दाखविण्यात आली. त्या वेळी ब्रेल यांचा क्षय बराच वाढला होता.

६ जानेवारी १८५२ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, अखेरचे सांक्रामेंत स्वीकारून ते मरण पावले. वय त्रेचाळीस वर्षे व दोन दिवस. त्यांच्या सामानात एक लहान पेटी होती, आणि ती न उघडता जाळावी अशी त्यांची इच्छा होती. जिज्ञासेने ती उघडली, तेव्हा आत निघाल्या त्या त्यांच्याकडून लोकांनी घेतलेल्या कर्जाच्या चिठ्ठ्या. त्या मग जाळण्यात आल्या.

फ्रान्सने त्यांच्या लिपीस अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. १९५२ साली त्यांचा देह कूव्रेहून पॅरिसच्या पँथिऑनमध्ये थोरामोठ्यांच्या शेजारी नेण्यात आला. हात मात्र गावकऱ्यांनी आपल्याच दफनभूमीत ठेवून घेतले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५१ मध्ये, आपल्या देशातील सर्व भाषांसाठी भारती ब्रेल ठरली, आणि मराठी अंध विद्यार्थीही तीच वाचतात. तिच्यात ध्वनी जुळेल तेथे मूळचेच चिन्ह ठेविले आहे. त्यामुळे डाव्या ओळीतील उभ्या तीन टिंबांवर बोट ठेवून आपल्याकडील मूल जो ‘ल’ वाचते, तो लुईच्या नावातील पहिल्याच अक्षराचा होय.