पेर ब्रिंक हान्सेन

पेर ब्रिंक हान्सेन (१३ नोव्हेंबर, १९३८ – ३१ जुलै, २००७) हे डॅनिश-अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांना परस्परांच्या कामात ढवळाढवळ करू न देणारी प्रोग्रॅमिंग भाषा घडवणे, हे त्यांचे प्रमुख कार्य होय.

जीवन

कोपनहेगनलगतच्या फ्रेडरिक्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठातून १९६३ साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते रेग्नेसेंट्रालेन या संगणक कंपनीत रुजू झाले. तेथे त्यांच्या नेतृत्वाखाली आरसी ४००० या संगणकाची कार्यप्रणाली तयार झाली. १९७० साली ते अमेरिकेस गेले. कॅलटेक व दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन केल्यानंतर काही वर्षे ते कोपनहेगन विद्यापीठात होते. १९८७ पासून त्यांनी सिरॅक्यूज विद्यापीठात काम केले.

कार्य

एका खात्यात १,००० रुपये शिल्लक असताना दोन प्रक्रिया एकाच क्षणी ती शिल्लक वाचून प्रत्येकी १०० रुपये जमा करू लागल्या, तर अखेरीस १,२०० ऐवजी १,१०० रुपयेच नोंदले जाऊ शकतात. हा दोष प्रक्रियांच्या वेगावर अवलंबून असल्याने चाचणीत बहुधा सापडत नाही. म्हणून आज्ञावली चालण्यापूर्वी कंपायलरनेच तो पकडावा, अशी ब्रिंक हान्सेन यांची भूमिका होती.

सिमुला ६७ या भाषेतील ‘क्लास’ या संकल्पनेच्या आधारे त्यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात ‘मॉनिटर’ची मांडणी केली. टोनी होअर यांनीही त्याच सुमारास ही कल्पना विकसित केली. मॉनिटरमध्ये सामायिक माहिती व ती हाताळणाऱ्या क्रिया एकत्र बंदिस्त असतात आणि एका वेळी एकाच प्रक्रियेला आत प्रवेश मिळतो. १९७५ साली त्यांनी ‘कन्करंट पास्कल’ या भाषेत मॉनिटर प्रत्यक्षात आणला. नियमबाह्य मार्गाने सामायिक माहितीला हात लावणारी आज्ञावली तिचा कंपायलर नाकारत असे. याच भाषेत त्यांनी ‘सोलो’ ही कार्यप्रणाली जवळजवळ संपूर्ण लिहिली.

जावावरील टीका

१९९९ साली एका लेखात त्यांनी जावा भाषेवर कठोर टीका केली. जावाने मॉनिटरचा बाह्य आकार घेतला. परंतु सामायिक माहितीला संरक्षण देणे प्रोग्रॅमरच्या स्मरणावर सोडले. एखाद्या ठिकाणी तो विसरला, तर कंपायलर त्याला अडवत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी सिद्ध झालेली सुरक्षितता एका लोकप्रिय भाषेने अशा रीतीने गमावली, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

सन्मान

२००२ साली त्यांना आयईईईचा ‘कॉम्प्युटर पायोनियर’ पुरस्कार देण्यात आला.