घाट सोपा करणारा कारागीर

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या दिशेने निघालेला सायकलस्वार दौलताबादचा किल्ला मागे टाकतो आणि खुलताबादकडे जाणारा घाट त्याच्या पुढ्यात उभा राहतो. त्याचे बोट नकळत ब्रेकजवळच्या लिव्हरकडे जाते, बारीकसा ‘टक्’ आवाज होतो, चेन मागच्या मोठ्या चक्रावर चढते आणि पायांवरचा भार हलका होतो. या एका ‘टक्’पाशी पोहोचण्यासाठी सायकलच्या इतिहासाला कित्येक दशके खर्ची घालावी लागली. त्यांतला मोठा काळ व्यापून राहिलेले नाव म्हणजे तुल्लिओ कांपान्योलो.

इटलीतील विचेन्झा येथे २६ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. त्यामुळे खिळे, पाने, कानशी यांच्या सहवासातच मुलगा वाढला. तरुणपणी त्यांनी हौशी गटात सायकल शर्यतींत भाग घेतला. त्या काळी शर्यतीच्या सायकलच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दातेरी चक्र असे, एक सपाटीसाठी आणि दुसरे चढासाठी. घाट आला की खाली उतरायचे, चाकाचे विंगनट सैल करायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि पुन्हा नट आवळायचे. क्रोचे दाउने या खिंडीत एका शर्यतीत बर्फ पडत असताना गारठलेल्या बोटांनी तुल्लिओंना ते नट सुटेनात, आघाडी हातची गेली आणि मागचे स्पर्धक पुढे निघून गेले, अशी कथा सांगतात. तिचे साल कोणी १९२४ सांगतो, तर कोणी १९२७. त्या दिवशी खरोखरच बर्फ पडला होता का, याविषयीही अभ्यासकांत एकमत नाही. कारखानदारांच्या चरित्रांत अशी एखादी दंतकथा असतेच. मात्र थंडीत नट सोडविण्याचा जाच खरा होता आणि त्यावर शोधलेला उपायही खरा होता.

पोकळ आसातून एक बारीक सळई न्यायची, तिच्या टोकाला लहानसा खटका बसवायचा आणि तो वळवताच चाक सुटावे वा आवळले जावे, असा तो उपाय. आज डोंबाऱ्याच्या सहजतेने चाक काढणाऱ्या सायकलस्वाराला त्यात नवल वाटणार नाही. १९३३ मध्ये तुल्लिओंनी विचेन्झात स्वतःचा व्यवसाय सुरू केला.

गिअर बदलण्याचा त्यांचा पहिला मार्ग मात्र आजच्या वाचकाला धाडसाचाच वाटेल. मागच्या चाकाजवळ दोन लांब दांडे असत. चालत्या सायकलवर हात मागे नेऊन एका दांड्याने चाक सैल करायचे, दुसऱ्याने चेन सरकवायची आणि हे करताना पॅडल उलटे फिरवायचे! जिनो बार्ताली यांनी १९४८ ची ‘तूर द फ्रान्स’ याच यंत्रणेवर जिंकली. १९५० च्या सुमारास आलेल्या ‘ग्रान स्पोर्ट’ने हे दांडे निकाली काढले. समांतरभुज चौकोनासारखी हलणारी चौकट तारेने ओढली की चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर जाई. कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती, फ्रान्समध्ये तसे प्रयोग आधी झाले होते. पण शर्यतीत टिकेल अशी घडण तिला दिली ती तुल्लिओंनी.

पुढे हब, क्रँक, पॅडल, ब्रेक असे एकेक भाग त्यांच्या कारखान्यातून येत गेले. सगळे भाग एकाच घराण्याचे घ्यावेत, ही आज ‘ग्रुपसेट’ म्हणून ओळखली जाणारी कल्पना तेथे रुजली. १९७२ मध्ये एडी मर्क्स यांनी मेक्सिकोत तासाभरात ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा त्यांच्या सायकलवर याच कारखान्याचे भाग होते.

या वैभवाला एक उणी बाजू होती. माल शर्यतवीरांसाठी घडविलेला, चढाच्या बाबतीत कठोर. पुढे ४२ दाते आणि मागे फार तर २६, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक १.६ वेळा फिरणार. आज पुढे ३४ आणि मागे ३२ दाते सहज मिळतात. चाक जेमतेम एकदा फिरते. दौलताबादच्या घाटात हौशी माणसाच्या गुडघ्यांना कोणते मानवेल, हे सांगायला नको. ग्रुपसेट निवडताना नावाच्या मोहात पडण्यापूर्वी हे दाते मोजावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सुटे भाग आपल्या गावात मिळतात का, ही चौकशी त्यानंतरची.

दरम्यान, जपानमधील साकाई येथे १९२२ पासून फ्रीव्हील बनविणाऱ्या शिमानोने १९७३ मध्ये ‘ड्युरा-एस’ आणला. तुल्लिओंच्या लिव्हरला ठरावीक टप्पे नव्हते. चेन बरोबर बसली की नाही, हे हाताला आणि कानाला कळावे लागे. शिमानोने १९८४ मध्ये प्रत्येक गिअरला स्वतंत्र टप्पा दिला आणि नवख्यालाही उस्तादाची अचूकता मिळाली. १९९० मध्ये त्यांनी लिव्हर ब्रेकमध्येच आणला. विचेन्झाचे उत्तर १९९२ मध्ये आले, अंगठ्याने दाबायच्या कळीसह. अमेरिकेची स्रॅम २००६ मध्ये रस्त्यावरील शर्यतीच्या सायकलींच्या या बाजारात उतरली. २०२४ च्या मोसमात पुरुषांच्या वर्ल्ड टूर दर्जाच्या एकाही संघाच्या सायकलींवर कांपान्योलोचे गिअर नव्हते. पुढच्या वर्षी एक संघ परतला.

हे सारे पाहण्यास तुल्लिओ नव्हते. फेब्रुवारी १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. कारखान्याचे पन्नासावे वर्ष तेव्हा नुकतेच उजाडले होते आणि त्या निमित्ताने काढलेला सुवर्णांकित भागांचा संच अजून संग्राहक जपून ठेवतात. धुरा चिरंजीव वालेंतिनो यांच्याकडे गेली. १९८० च्या दशकातच त्यांनी एका नव्या ग्रुपसेटला नाव दिले, ‘क्रोचे दाउने’.